सब्र आहेच, सोबत सल्लाही हवा



गेल्या वर्षी रमजान ईद झाल्यावर एका भगिनीचा फोन आला. माहेर साताऱ्याचे, सासर मिरजेचे. निकाहाला नऊ वर्षे, दोन मुले. म्हणाली, "आपा, ते मारत नाहीत, शिव्या देत नाहीत, खर्चाला पैसे देतात. फक्त बोलत नाहीत. काही विचारलं की उठून दुकानात जातात. सहा महिने आम्ही मुलांच्या तोंडून बोलतोय." अम्मीने सब्र कर म्हणून सांगितले. सासूने ताविज आणून दिला. नणंद म्हणाली, तुला कमी काय आहे? शेवटी ती मुलांना घेऊन माहेरी आली आणि मला विचारत होती, "खुला घेऊ का?"

मी म्हटले, "तो तुझा हक्क आहे, तो कुठे जात नाही. पण आधी एखाद्या समुपदेशकाला भेट." ती लगेच म्हणाली, "मी वेडी नाही, आपा."

हे उत्तर आपल्या घराघरांत आहे, म्हणून आज हा विषय. तिच्या परवानगीने, ओळख पटणार नाही इतका तपशील बदलून सांगते.

मन दुखते ते बहुतेक वेळा कुणाशी तरी असलेल्या नात्यात. मग ते दुरुस्तही नात्यातच होते. नातेसंबंधांवर आधारलेल्या समुपदेशनाचा हाच पाया. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ जीन बेकर मिलर यांनी 1976 साली स्त्रियांच्या मानसशास्त्रावर पुस्तक लिहिले. माणूस सगळ्यांपासून सुटून नव्हे, तर चांगल्या नात्यांत राहून वाढतो, हा विचार त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे मांडला. एकत्र कुटुंबात वाढलेल्या आपल्याला हे परके वाटायला नको. फक्त त्या नात्यात आपले खरे बोलणे मावले पाहिजे.

हे काम चालते कसे? त्या भगिनीचेच सांगते. पहिल्या दोन भेटींत ती प्रत्येक वाक्यानंतर "माझं चुकलं का?" असे विचारत होती. समुपदेशक बाईंनी शांतपणे विचारले, "मी रागवेन असं वाटतं का तुम्हाला?" तेव्हा तिच्या लक्षात आले की ती सगळ्यांशी अशीच बोलते, आधी घाबरून आणि मग गप्प होऊन. पुढे एकदा बाईंना यायला अर्धा तास उशीर झाला. ही म्हणाली, "काही नाही, चालतं." पण त्या दिवशी तोंडातून शब्द निघेना. बाईंनीच विषय काढला, "तुम्हाला वाईट वाटलंय. चूक माझी आहे, माफ करा." ती मला म्हणाली, "आपा, मला वाईट वाटलं हे कुणी ऐकून घेतलं आणि तरी नातं तुटलं नाही, असं पहिल्यांदा झालं." या पद्धतीत समुपदेशकाशी जुळलेले नातेच औषधाचे काम करते. तिथे जमलेले बोलणे माणूस मग घरी करून पाहतो.

सूरह निसाच्या 35व्या आयतीत पती-पत्नीत फूट पडण्याची भीती असेल, तर दोन्ही घरांतून एकेक पंच नेमण्याची शिकवण आहे. म्हणजे बाहेरच्या माणसाची मदत घेणे आपल्याला नवे नाही. फरक एवढाच की, समुपदेशक निवाडा देत नाही. कोण बरोबर हे तो ठरवत नाही, दोघांत काय घडते ते दाखवतो.

आता शोधायचे कुठे? "नातेसंबंध थेरपी" असा फलक आपल्या भागात क्वचितच दिसेल. सुरुवात सरकारी रुग्णालयापासून करा. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालय, सांगलीत पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. तिथल्या मनोविकार विभागात समुपदेशनाची चौकशी करा. घरात व्यसनाचा प्रश्न असेल, तर साताऱ्यात परिवर्तन संस्था त्या क्षेत्रात काम करते. बाहेर पडणे शक्य नसेल, तर 14416 हा टेली-मानसचा मोफत क्रमांक आहे. 2022 पासून ही सरकारी सेवा सुरू आहे आणि मराठीतही बोलता येते. पुण्या-मुंबईचे काही समुपदेशक फोनवरही भेट देतात.

जाण्यापूर्वी थोडे विचारून घ्या. शिक्षण काय? औषधे फक्त डॉक्टर देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारा. जोडप्यांबरोबर काम केले आहे का? फी किती, साधारण किती भेटी? माझे बोलणे कुणाला सांगणार का? 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याने गुप्ततेचा हक्क दिला आहे. स्त्री समुपदेशक हवी असेल तर तसे स्पष्ट सांगा. सोबत कुणाला बाहेर बसवायचे असेल तर तेही सांगा. विचारण्यात लाज नाही. तीन-चार भेटींनंतरही मोकळे वाटत नसेल, तर आधी त्यांनाच तसे सांगून पाहा. ऐकून घेतले नाही तर माणूस बदला. तुमच्या दीनची किंवा पेहरावाची टिंगल करणारा, किंवा पहिल्याच भेटीत "सोडून द्या" अथवा "सहन करा" म्हणणारा माणूस आपल्या कामाचा नाही.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगते. घरात मारहाण किंवा धमक्या असतील, तर नवऱ्याला शेजारी बसवून समुपदेशन करू नका. तिथे खरे बोलले की घरी त्याची किंमत मोजावी लागते. आधी सुरक्षितता. 181 किंवा 112 वर फोन करा. पोलिसांकडे महिला व बालकांसाठी विशेष साहाय्य कक्षाची चौकशी करा. हे काम 1984 साली मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने पोलिसांबरोबर सुरू केले. जीव नकोसा झाला असेल, तर 14416 वर त्याच क्षणी फोन करा, सकाळची वाट पाहू नका.

त्या भगिनीचे पुढे काय झाले? पाचव्या भेटीला तिचे पती आले. बराच वेळ गप्प बसले. मग सांगितले की, अब्बूंच्या इंतकालनंतर दुकानावर कर्ज असल्याचे कळले. घरच्यांना काय तोंड दाखवू, म्हणून ते बोलणेच टाळत होते. तिला वाटत होते आपण नकोशा झालो. त्यांना वाटत होते, बोललो तर आपली इज्जत जाईल. कर्ज अजून फिटलेले नाही. कधी कधी जुने मौन परत येते. पण आता ती मुलांमार्फत निरोप पाठवत नाही. चहा घेऊन दुकानात जाते आणि म्हणते, "आज वाईट वाटलं, बसा पाच मिनिटं."

खुलाचा हक्क अजून तिच्याजवळच आहे. तूर्त तिला त्याची गरज वाटत नाही.

सब्र म्हणजे तोंड शिवून बसणे नव्हे. ताप आला की आपण दुआही करतो आणि दवाखान्यातही जातो. मनाच्या दुखण्यालाही तोच न्याय लावू या. अल्लाह आपल्या घरांत सुकून देवो. आमीन.