नळ दोन फुटांवर हवा

तीन वर्षांच्या मुलाची उंची जेमतेम तीन फूट असते. अनेक अंगणवाड्यांत आणि पाळणाघरांत हात धुण्याचा नळ मात्र मोठ्यांच्या कमरेच्या उंचीला असतो. मूल टाचा उंचावतं, बोटांची टोकं कशीबशी भिजतात, उरलेलं पाणी कोपरावरून बाहीत उतरतं आणि सदरा ओला होतो. दुसऱ्या दिवशी ते नळाकडे फिरकत नाही. मग तक्रार ऐकू येते की, कितीही सांगा, मुलं हात धुतच नाहीत. सांगण्यात काही कमी नसतं. हात धुण्याचं गाणं मुलांना तोंडपाठ असतं, भिंतीवर सचित्र तक्ता असतो. सवय लागावी अशी सोय तेवढी केलेली नसते, आणि माझ्या मते सगळं घोडं तिथंच अडतं.

जल जीवन मिशननं २ ऑक्टोबर २०२० पासून शाळा आणि अंगणवाड्यांना नळाचं पाणी देण्यासाठी शंभर दिवसांची खास मोहीम काढली होती. ती फार गरजेची होती. पण नळ बसवला की काम संपलं असं आपण धरून चालतो. जरा हिशेब मांडून पाहा. वीस मुलं आणि एक नळ. साबण लावून वीस सेकंद चोळायचं, धुवायचं, पुढच्याला जागा द्यायची. एका मुलामागे मिनिटभर धरलं तरी वीस मिनिटं झाली. तोवर पहिल्या मुलासमोरची खिचडी निवलेली असते आणि मागची मुलं रडकुंडीला आलेली असतात. यावर सापडलेली पळवाट म्हणजे पाण्यानं भरलेला टब. सगळ्यांनी त्यात हात बुचकळायचे. विसाव्या मुलाच्या वाट्याला आधीच्या एकोणीस जणांच्या हातांवरची घाण येते.

उपाय महागडा नाही. भिंतीलगत दोन फुटांवर आडवा पाइप, त्याला चार-पाच तोट्या आणि खाली सांडपाणी वाहून नेणारी पन्हळ. जिथं नळच नाही तिथं दांड्याला टांगलेला पाच लिटरचा कॅन, त्याला भोक आणि पायानं दाबायची काठी. मूल पायानं काठी दाबतं, कॅन कलतो, धार पडते, हातानं कशालाही शिवावं लागत नाही. साबण जाळीच्या पिशवीत घालून टांगावा. खाली ठेवलेली वडी पाण्यात विरघळते, नाहीतर कावळा पळवतो, आणि मग ‘साबण संपला’ हे उत्तर महिनाभर पुरतं.

नखांचंही तसंच. दरवर्षी १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास जंतनाशक दिनाच्या गोळ्या दिल्या जातात. त्या द्यायलाच हव्यात. पण लहान मुलांत हमखास आढळणाऱ्या सुतासारख्या बारीक कृमींची रीत पाहा. मादी रात्री गुदद्वाराभोवती अंडी घालते, खाज सुटते, मूल झोपेत खाजवतं, अंडी नखांत अडकतात आणि सकाळी अंगठा चोखताना पुन्हा पोटात जातात. ही अंडी काही तासांतच संसर्ग करण्याजोगी होतात आणि अंथरूण-पांघरुणावर दोन-तीन आठवडे तग धरू शकतात. नखं वाढलेली राहिली, तर गोळीचा परिणाम किती टिकणार? म्हणून नेलकटर अंगणवाडीतच असावं आणि आठवड्यातला एक वार नखांसाठी ठरलेला असावा. नखं काढताना सगळ्यांसमोर ‘शी, किती घाण’ असं मात्र कुणी म्हणू नये. ज्या घरात पाण्यासाठी दोन मैल चालावं लागतं, तिथल्या मुलानं तो शब्द का ऐकावा? शिवाय आपल्या समाजात ‘घाणेरडा’ हा शब्द जातीकडे बोट दाखवत कसा वापरला गेला, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे.

मुलाच्या स्वच्छतेकडे शिक्षण म्हणून पाहण्याची दृष्टी आपल्याकडे होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं. वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. मुलांना आंघोळ घालणं, केस विंचरणं, नखं काढणं हा त्यांच्या शिक्षणाचाच भाग होता. १९५७ साली हे काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि तिथल्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र नांदू लागल्या. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोचली. नाव पोचलं, पण मुलाच्या अंगाला हात लावून केलेली ती कामं मागं पडली. त्यांची जागा रजिस्टरांनी आणि मोबाइलवर भरायच्या माहितीनं घेतली.

आज ती कामं जी करते ती मदतनीस, आणि तिच्याविषयी कुणीच बोलत नाही. मूल शी करून आलं की तीच त्याला धुते. अनेक ठिकाणी आहार शिजवणारी आणि वाढणारीही तीच असते. तान्ह्या बाळाच्या शीत काही नसतं असा समज घरोघरी आहे. तो चुकीचा आहे, त्यातूनही जुलाबाचे जंतू पसरतात. म्हणजे सगळ्यांत आधी साबण तिच्या हाताशी हवा, आणि एक काम सोडून दुसऱ्याला लागण्याआधी हात धुण्याएवढी फुरसत हवी. मानधनावर राबणाऱ्या या बाईकडून आपण दोन बायकांचं काम घेतो आणि मुलं आजारी पडली की तिलाच बोल लावतो, हे मला अजिबात पटत नाही.

शहरातल्या पाळणाघरांची गत वेगळी. तिथं पालक कॅमेरे आहेत का ते विचारतात, इंग्रजी किती बोलतात ते विचारतात. सगळ्या मुलांची नाकं एकाच फडक्यानं पुसली जातात का, लंगोट बदलायची जागा डबे उघडतात त्या टेबलापासून लांब आहे का, हे फारसं कुणी विचारत नाही. दाराशी सॅनिटायझरची बाटली दिसली की समाधान होतं. मातीनं माखलेल्या हातांवर सॅनिटायझर पुरेसं काम करत नाही, कृमींच्या अंड्यांवर तर त्याचा भरवसाच धरता येत नाही. त्यातलं अल्कोहोल मुलाच्या पोटात जाण्याचा धोका असतो तो निराळाच. आणि तापाचं औषध पाजून मूल सोडून जाणाऱ्या आईला दोष देण्याआधी तिच्या कचेरीत अशा दिवसाची रजा मिळते का, तेही विचारायला हवं.

गावांसाठी पैशाची सबब फारशी टिकणारी नाही. पंधराव्या वित्त आयोगानं ग्रामपंचायतींच्या निधीतला ६० टक्के वाटा पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठीच राखून ठेवला होता. चार तोट्यांचा पाइप, महिन्याचा साबण आणि दोन नेलकटर यांचा खर्च गावाच्या आराखड्यात कुठं लिहिला आहे, हा प्रश्न येत्या ग्रामसभेत आयांनी विचारावा. उत्तर तोंडी न घेता इतिवृत्तात नोंदवून घ्यावं.