पंखा उगाच ओरडत नाही

मंडळी, गेल्या पंधरवड्यात आमच्याकडे जो जो येऊन गेला त्यानं एकच सल्ला दिला, "अहो, तो पंखा काढून टाका!" कुणी म्हणालं, खोकं माळ्यावर ठेवा. भाचेसुनेनं रात्री बटण बंद करायचं सुचवलं. सगळ्यांची आभारी आहे. पण यातलं एकही मला मान्य नाही, आणि का ते इथे एकदाच लिहून ठेवते, म्हणजे फोनवर दहादा सांगायला नको.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: ते खोकं म्हणजे घरचा स्टोरेज सर्व्हर. घरातले सगळे फोन आणि संगणक आपापलं सामान नेटवर्कवरून तिथे ठेवतात. ह्यांच्या भजनांच्या कॅसेटी उतरवून घेतल्या त्या तिथेच आहेत, आणि तुमच्या सगळ्यांच्या लग्नांचे फोटोही (ज्यांना ते नको असतील त्यांनी कळवावं!). कॅसेटी केव्हाच बुरशीनं गेल्या. मूळ प्रत आता हीच.

तर मदरबोर्डचं फर्मवेअर अपग्रेड केलं आणि त्या रात्रीपासून पंखे दम्याच्या माणसासारखे वागू लागले. मिनिटभर शांत, मग एकदम घूंऽऽ, परत शांत. आता इथे आमच्या शाळेतली युक्ती. वर्ग गलका करत असेल तर आधी बघायचं, गलका एकसारखा आहे की चढउताराचा. एकसारखी घरघर असेल तर पंख्याचं बेअरिंग झिजलेलं असतं, पंखा बदलावा. पण चढउतार असेल तर पंखा बिचारा हुकूम पाळतोय, हुकूम देणारा गोंधळलाय.

हुकूम देणारी एक छोटी चिप बोर्डावर असते, तिला बीएमसी म्हणतात. पंख्याच्या चार तारांपैकी एक तार फेऱ्यांची हजेरी तिच्याकडे पाठवते, दर फेऱ्याला दोन ठोके. फेरे ठरलेल्या किमान आकड्याखाली गेले की ती समजते, पंखा मेला! मग धोका नको म्हणून सगळे पंखे पूर्ण वेगानं सोडते. वेग वाढला की हजेरी लागते, तिचा जीव भांड्यात पडतो, ती वेग उतरवते, की परत पंखा "मेला". आमचे १२० मिलिमीटरचे शांत पंखे निवांत असताना मिनिटाला ४०० च्या आसपास फिरतात. कारखान्यानं ठरवलेली मर्यादा त्याहून वर, कारण ती जोरात पळणाऱ्या पंख्यांसाठी होती. आम्ही ती पूर्वी उतरवून घेतली होती. अपग्रेडनं गुपचूप मूळपदावर नेली.

माझी तक्रार पंख्याबद्दल नाही, या गुपचूपपणाबद्दल आहे. कंपनीच्या (नाव घेत नाही) सूचनेत 'किरकोळ सुधारणा' एवढंच. माणसानं हातानं बसवलेले आकडे पुसायचे असतील तर आधी विचारावं, निदान नंतर सांगावं. परीटघडीसाठी दिलेल्या सदऱ्याची बटणंच बदलून आणली तर आपण परिटाला विचारू की नाही?

उपाय पाच मिनिटांचा निघाला. बीएमसीच्या नोंदवहीत दर मिनिटाला पंख्याची गैरहजेरी लागलेली दिसली. जुने आकडे माझ्या वहीत होतेच. भाच्यानं आयपीएमआयटूल नावाच्या आज्ञेनं खालच्या तीन मर्यादा १००, २००, ३०० अशा बसवल्या, आणि घर शांत.

आता सल्ल्यांकडे. पंख्याचा वेग दुप्पट केला तर वारा दुप्पटच येतो, आवाज मात्र साधारण १५ डेसिबलनं चढतो. उलट सावकाश फिरणारे दोन सारखे पंखे शेजारी लावले, तर वारा जवळजवळ दुप्पट आणि आवाज जेमतेम ३ डेसिबल जास्त. म्हणजे शांतता हवी असेल तर पंखा काढायचा नसतो, जोडायचा असतो. आणि माळ्यावर? मे महिन्यात तिथे लोणच्याची बरणीसुद्धा मी ठेवत नाही.

गूगलच्या तिघा संशोधकांनी २००७ मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला. मधल्या तापमानात उष्णतेचा डिस्क बिघडण्याशी फारसा संबंध त्यांना दिसला नाही. फरक दिसला तो फार वरच्या तापमानाला, आणि विशेषतः जुन्या डिस्कमध्ये. तेव्हा पंखे सदैव किंचाळत ठेवायचं कारण नाही, हे मलाही मान्य. पण आमच्या डिस्क पाच वर्षांच्या आहेत. म्हाताऱ्या माणसाला माळ्यावर कोंडू नये.

रात्री बंद करायचं म्हणाल, तर डिस्कची तपासणी रात्रीच चालते. तुम्ही झोपलात की ती एकेक फोटो वाचून शाबूत आहे ना ते बघते.

सध्या डिस्क ३९ अंशांवर आहेत. पुढच्या जाळीवर मात्र दर आठवड्याला फडकं मारावं लागतं. आमच्या रस्त्याचं खोदकाम अजून चालूच आहे.