घरशाळा कोणाची, घरकाम कोणाचे?

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकविण्याची पद्धत पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित वर्गात गेली काही वर्षे रुजू लागली आहे. तिला ‘घरशाळा’ असे गोंडस नाव मिळाले असून वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत तिचे कौतुकही होत असते. नोकरी-पेशात स्थिरावलेल्या आपल्या काही कुटुंबांतही आता ही भाषा ऐकू येते. म्हणून फुले-आंबेडकरी चळवळीने या प्रश्नाचा नीट विचार करण्याची गरज आहे. हे खूळ म्हणून हसण्यावारी नेणे चूक आणि क्रांती म्हणून डोक्यावर घेणे त्याहून चूक.

घरशाळेचे समर्थक एक उदाहरण हमखास देतात. २०१६ साली मुंबईची मालविका जोशी दहावी-बारावीचे प्रमाणपत्र नसताना अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत दाखल झाली. सातवीत तिची शाळा सोडवून आईने तिला घरी शिकविले होते. आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिंपियाडची तीन पदके तिच्या नावावर होती. त्या मुलीच्या बुद्धीविषयी आणि कष्टांविषयी आदरच आहे. प्रश्न तिच्या मागे उभ्या असलेल्या घराचा आहे.

घरशाळेतील तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचा दिवस साधारण कसा जातो? घंटा नाही, गणवेश नाही. सकाळी उठून आवडीचे वाचन, मग गणिताचा तास-दोन तास, दुपारी संगणक किंवा एखादा प्रयोग, संध्याकाळी पोहणे, तबला, नाटक. घरात गडबड असतेच, धाकटे भावंड रडते, कुकरच्या शिट्ट्या होतात. पण आई-वडिलांपैकी एक जण पूर्ण वेळ घरी असतो, तो स्वतः पदवीधर असतो आणि दुसऱ्याच्या पगारात घर चालते. कपाटात पुस्तके असतात, मुलाला स्वतःची खोली असते. या सगळ्याला ते ‘घर’ म्हणतात.

आता मावळात, पवनानगरला येऊ. पवना धरणासाठी इथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. धरण होऊन अर्धशतक उलटले तरी शेकडो खातेदारांच्या पुनर्वसनाचा प्रश्न धुमसत राहिला. धरणाचे पाणी पिंपरी-चिंचवडला जाते. त्याच पाण्याच्या बंद जलवाहिनीविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी ठार झाले. आज धरणाच्या काठी शहरवाल्यांचे बंगले आहेत, पर्यटकांचे तंबू आहेत आणि त्या बंगल्यांत धुणी-भांडी करायला, तंबूंवर स्वयंपाक करायला गावातली आणि कातकरी-ठाकर वस्त्यांवरची माणसे आहेत.

अशा घरातली चौदा वर्षांची मुलगी शाळेत गेली नाही, तर तिचा दिवस कसा जाईल? पहाटे पाणी भरायचे, चूल पेटवायची. आई बंगल्यावर कामाला किंवा भातलावणीला गेली की धाकट्यांना सांभाळायचे. शनिवार-रविवारी पर्यटकांची झुंबड उडाली की आईच्या हाताखाली भाकऱ्या थापायच्या. भाऊ असेल तर तो तंबू ठोकतो, गाड्या लावायला जागा दाखवतो. ही मुलेही दिवसभर घरीच शिकत असतात. काय शिकतात? आई-बापांचे काम शिकतात. एकाच ‘घरी राहणे’ या शब्दाचे दोन अर्थ होतात आणि ते कोणाच्या वाट्याला कोणता येतो हे जन्मावर ठरते.

हा अनुभव आपण एकदा घेतलेला आहे. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या आणि सरकारने ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ अशी घोषणा दिली. सारा महाराष्ट्र सक्तीने घरशाळेत बसला. ज्या घरात मोबाईल एकच आणि तोही बापाच्या खिशात, तिथे शिक्षण किती सुरू राहिले हे कोणत्याही वस्तीत जाऊन विचारावे. शाळा उघडल्या तेव्हा कित्येक मुले कामाला लागलेली होती आणि मुलींची लग्ने उरकली गेली होती.

बंधूंनो, इतिहास पाहिला तर घरशाळा ही नवी गोष्टच नाही. जातिव्यवस्था ही हजारो वर्षे चाललेली घरशाळाच होती. ब्राह्मणाच्या मुलाने घरी वेद शिकायचे, कुंभाराच्या मुलाने घरी चाक फिरवायचे आणि महार-मांगाच्या मुलाने घरी गावकी शिकायची. बापाचे ज्ञान मुलाला, बाहेर कोणालाच नाही. १९५३ साली मद्रास प्रांतात मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी अशीच योजना आणली. प्राथमिक शाळेतील मुलांनी अर्धा वेळ शाळेत यावे आणि उरलेला वेळ घरी आई-बापांचा धंदा शिकावा! ‘कुलशिक्षण’ म्हणून पेरियारांनी आणि द्रविड चळवळीने त्यावर रान उठविले. १९५४ साली राजाजींना पद सोडावे लागले आणि नवे मुख्यमंत्री कामराज यांनी ती योजना गुंडाळली.

मग १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा उघडणाऱ्या जोतीराव-सावित्रीबाईंचे मोठेपण लक्षात येते. सावित्रीबाईंना जोतीरावांनी घरीच शिकविले, पण त्या शिकल्या आणि घराबाहेर पडून शाळेत उभ्या राहिल्या. त्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मातंग मुलीचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापला गेला. ती मुलगी घरीच बसली असती तर तो निबंध लिहिला गेला असता काय?

शाळा मुलांना चिरडते, अपमानित करते, हा घरशाळावाल्यांचा आक्षेप आहे. हे आपल्याला कोणी सांगायला नको. साताऱ्याच्या शाळेत बाल भीमरावाला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागत होते. पण सुभेदार रामजींनी मुलाला शाळेतून काढले नाही. परळच्या चाळीतल्या एका खोलीत सारे कुटुंब, भांडीकुंडी आणि जळण. उशाशी जाते, पायथ्याशी बकरी. त्या गर्दीत मुलाला लवकर झोपवून रामजी स्वतः रात्री दोनपर्यंत जागत आणि मग त्याला अभ्यासाला उठवीत. पुस्तकांसाठी विवाहित मुलींकडून उसने पैसे आणीत. घर असे शाळेच्या पाठीशी उभे राहिले, म्हणून १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. घराने शाळेची जागा घ्यायची नसते, शाळेला बळ द्यायचे असते. रामजीबाबांचा हा धडा आपण विसरता कामा नये.

आज धोका वेगळ्याच बाजूने येत आहे. शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू झाला, पण त्याचे संरक्षण सहा ते चौदा वयापुरते आहे. नेमक्या ज्या वयात मूल कामाला ओढले जाते, त्याच वयात कायदा हात काढून घेतो. २०१६ च्या दुरुस्तीने बालमजुरी कायद्यात कुटुंबाच्या व्यवसायात मदत करण्याची मुभा चौदा वर्षांखालील मुलांनाही ठेवली. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने पानशेतचा दाखला देत वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या जागी ‘समूह शाळा’ करण्याची हालचाल केली. डोंगरातल्या वाडीवरची शाळा दूर गेली की पहिली घरी बसते ती मुलगी. फेब्रुवारी २०२४ मध्ये खासगी शाळांतील पंचवीस टक्के जागांना कात्री लावणारा नियम आला, तो जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला म्हणून निभावले. शाळा अशी हळूहळू आखडत असताना ‘घरीच शिका’ ही हाक कोणाच्या सोयीची आहे, हे ओळखावे.

तरीही घरशाळेकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तिथली मुले मुक्त विद्यालयातून परीक्षा देतात. १९८९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून, चौदा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला दहावीला बसता येते. पाच विषय आणि पाच वर्षांत नऊ संधी. आपल्या राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म तर गावोगाव माहीत आहे. ज्यांना शाळेची गरज वाटत नाही ते या दाराचा उपयोग करतात आणि ज्यांची शाळा हिरावली गेली त्यांना ते दार कोणी दाखवीत नाही!

हे काम कार्यकर्त्यांनी हाती घ्यावे. आपल्या वस्तीत चौदा ते अठरा वयाची किती मुले-मुली शाळेबाहेर आहेत त्याची यादी करावी, शाळेत परत जाणे शक्य आहे त्यांना परत पाठवावे, बाकीच्यांचे फॉर्म भरावेत. प्रत्येक विहारात संध्याकाळी अभ्यासिका चालवावी, कारण एका खोलीच्या घरात दिव्याखाली बसायला जागा नसते. दहावीनंतर वसतिगृह न मिळालेल्यांना स्वाधार योजनेचा अर्ज भरून द्यावा. आणि शिक्षणाचा हक्क अठरा वर्षांपर्यंत न्यावा ही मागणी प्रत्येक निवडणुकीत प्रत्येक उमेदवारापुढे ठेवावी.

पवनानगरच्या वाटेवर बेडसे लेणी आहेत. घर आणि जात मागे ठेवून आलेल्या भिक्खूंनी तिथे एकत्र राहून धम्माचे अध्ययन केले. सर्वांनी एकत्र बसून शिकण्याची ती परंपरा आपली आहे. ज्यांना घरात बसून शिकणे परवडते त्यांनी खुशाल शिकावे. आपल्या मुलीचे दप्तर मात्र खुंटीला टांगू देऊ नका.