दुसऱ्या जगाच्या दारांची देखभाल

काल्पनिक जगांना परस्परांशी जोडणाऱ्या एखाद्या व्हिडिओ गेम मॉडची नवी आवृत्ती निघाली, ही वार्ता वडखळ-नागोठणे रस्त्यावरील गडबसारख्या गावात चारदोन शाळकरी मुलांपलीकडे सहसा जात नाही, आणि गेलीच तर वडीलधारी मंडळी तिला पोरखेळ ठरवून मोकळी होतात. परंतु त्या आवृत्तीमागील श्रमांचे मोल निदान खाडीकाठच्या खारेपाटातील माणसाने तरी ओळखावे, असे मला मनापासून वाटते.

ठोकळ्यांनी जग रचण्याचा माइनक्राफ्ट हा खेळ स्वीडनच्या मोजांगने २०११ साली पूर्णरूपाने प्रसिद्ध केला आणि २०१४ साली मायक्रोसॉफ्टने ती कंपनी अडीच अब्ज डॉलरांना घेतली; पण त्यात खेळाडूंनी केलेले फेरफार, म्हणजेच मॉड, बहुतांशी बिनमोबदल्याचे काम आहे. १९९३ च्या ‘मिस्ट’ या खेळापासून स्फूर्ती घेतलेल्या ‘मिस्टक्राफ्ट’ने पुस्तक उघडताच अन्य जगात नेणारी योजना केली, ‘इमर्सिव्ह पोर्टल्स’ने तर दाराच्या चौकटीतून पलीकडचे जग उभ्या जागी दिसावे आणि पाऊल टाकताच, क्षणाचाही खोळंबा न होता, त्यात प्रवेश व्हावा इतकी मजल गाठली. मात्र मूळ खेळ स्थिर राहत नाही. २०१८ साली त्याच्या १.१३ या आवृत्तीने ठोकळ्यांचे जुने अंकी क्रमांक रद्द केले, तेव्हा अनेक मॉडची पुनर्रचना अपरिहार्य झाली, मिस्टक्राफ्ट १.१२.२ वरच थांबले.

अशी वारंवारची डागडुजी आपल्याला नवी नाही: आपल्याकडे खाडीकाठचे बांध जोळ पद्धतीने राखले जात. उधाणाने खांड पडली की घरटी माणूस निघे, ओहोटी आहे तोवर चिखलाचे गोळे रांगेतून हातोहात पुढे सरकत, आणि भरतीचे पाणी परतण्यापूर्वी खांड बुजलेली असे. १९४८ च्या खारभूमी कायद्यानंतर ही जबाबदारी क्रमशः सरकारी दप्तराकडे गेली, जुनी वहिवाट क्षीण झाली, आणि खारे पाणी शिरून पडीक झालेल्या जमिनी पेण तालुक्यात आजही दिसतात. मॉडची प्रत्येक नवी आवृत्ती ही अशीच जोळ आहे, आणि तिचा लाभ घेणाऱ्या आपल्या मुलांनी त्या रांगेत उभे राहिले पाहिजे, हे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

त्याला साधन सोपे आहे. मॉडमध्ये भाषेची स्वतंत्र फाइल असते. तिच्या प्रत्येक ओळीत डावीकडे वस्तूची खूण आणि उजवीकडे पडद्यावर उमटणारा मजकूर असतो, व तो मराठीत लिहिण्यास प्रोग्रॅमिंगचे ज्ञान लागत नाही, भाषेचे लागते. मुले तासन्‌तास पडद्यापुढे बसतील ही पालकांची धास्ती रास्त आहे. म्हणूनच हे काम घरी न सोपविता शाळेच्या संगणक कक्षात, शिक्षकांच्या देखरेखीखाली, आठवड्यातून एक तास व्हावे. नव्या आवृत्तीत कोणत्या ओळी वाढल्या, कोणत्या गळाल्या, हे मुलांनी ताडून पाहावे, मराठी मजकूर मराठीच्या शिक्षकांकडून तपासून घ्यावा, आणि मगच तो मॉडच्या कर्त्याकडे रवाना करावा. मुख्याध्यापकांनी येत्या सत्रापासून तशी तजवीज करावी.