भाकरीची लाज कशाला?



पोट साफ होण्याचा विषय निघाला की आपल्या वर्गात सगळे तोंडावर हात धरून हसतात. हसा खुशाल. पण मधल्या सुट्टीनंतर पोट धरून बस्करपट्टीवर आडवी होणारी मुलेही आपलीच आहेत. काय होतंय, ते ती लाजेने कुणालाच सांगत नाहीत.

माझे मत असे की, या दुखण्यात भाकरीच्या लाजेचाही हात आहे. शनिवारी कुणाच्या डब्यात भाकरी निघाली की लगेच विचारतात, "का रे, घरातला गहू संपला का?" मग आपण खातो तरी काय? सकाळी चहाबरोबर बिस्किटे नाहीतर खारी, दुपारी शाळेतला भात, संध्याकाळी दुकानातली पाच रुपयांची पुडी. भाताबरोबर मोड आलेली मटकी मिळते, ती खरी कामाची. पण तिचाच ताटाच्या कडेला ढीग दिसतो. चिमण्यांचे मात्र भले होते!

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ सालच्या कोष्टकातले आकडे गुरुजींनी फळ्यावर लिहून दिले होते. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम चोथा असतो, बाजरीत ११ ग्रॅमच्या वर. मैद्यात आणि पांढऱ्या तांदळात ३ ग्रॅमसुद्धा नाही. चोथा पचत नाही, म्हणून तर तो उपयोगी. आतड्यात तो पाणी धरून ठेवतो, त्यामुळे मळ मऊ राहतो आणि पुढे सरकतो. आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचेही ते खाद्य आहे.

पण पाणीच प्यायले नाही तर चोथा बिचारा काय करील? आमच्या वर्गातल्या काही मुली पाण्याची बाटली भरलेली तशीच घरी परत नेतात. कारण मुलींच्या स्वच्छतागृहाची आतली कडी तुटली आहे. ती लवकर बसवावी, हेही मी इथे लिहून ठेवतो.

बरं, ज्वारी काही लांबून आणायची नाही. आपल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ती आपण पोत्याने विकतो आणि त्याच पैशातून पुड्या आणतो. काही घरी तर पीठ बारीक चाळून कोंडा म्हशीला घालतात. म्हशीची काही तक्रार नाही.

भाकरी थापायला वेळ लागतो, हे आईचे म्हणणे मात्र खरे आहे. पहाटे कामावर जाणाऱ्या बाईने किती वेळ चुलीपुढे बसायचे? म्हणून रात्रीच दोन भाकरी जास्त थापाव्यात आणि सकाळी ताकात कुस्करून खाव्यात. शिळी म्हणून नाक मुरडू नये. आणि थापायला आपण मुलग्यांनीही शिकले पाहिजे. मी शिकतो आहे. सध्या भाकरीचा महाराष्ट्राचा नकाशा होतो, पण चवीला चांगली लागते.

येत्या शनिवारी मी तसले चार नकाशे आणि शेंगदाण्याची चटणी आणणार आहे. ज्याला हवे त्याने खिडकीजवळच्या पट्टीवर यावे. पाणी आपापले आणावे.

— इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी