‘इफेसस झालं’ म्हणजे नक्की काय झालं?

क्रूझवरून परत आलेल्या लोकांचं एक आवडतं क्रियापद असतं : ‘होणे’. अथेन्स झालं, सँटोरिनी झालं, इफेसस झालं. सोमवारी ऑफिसात कॉफी मशीनपाशी उभं राहिलं की अशी तीन-चार शहरं पाच मिनिटांत ‘होतात’. बाकीच्या शहरांबद्दल मला आज भांडायचं नाही. पण इफेसस साडेचार तासांत होत नाही. ते होतं असं भासवून जहाजवाले जे ‘शोअर एक्स्कर्शन’ विकतात, ते निव्वळ फसवं पॅकेज आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

(तुर्कस्तानला मुळात जावं का, यावर २०२५ च्या मे महिन्यात आपल्याकडे मोठा वाद झाला. तो विषय वेगळा आहे, इथे नको.)

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जहाज सकाळी कुशादासी बंदराला लागतं. धक्क्यावर बसेस तयार असतात. छातीवर गटाच्या नंबराचा स्टिकर चिकटवायचा, हातात नंबराची पाटी घेतलेल्या गाईडमागे चालायचं आणि दुपारच्या जेवणाला जहाजावर परत. इफेसस तिथून साधारण वीस किलोमीटर. ब्रोशरवर तीन नावं ठळक अक्षरांत : प्राचीन इफेसस, आर्टेमिसचं मंदिर आणि कुमारी मेरीचं घर. म्हणजे रोमन शहर, जुन्या जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक आणि ख्रिस्ती तीर्थक्षेत्र, सगळं एका सकाळीत. वाचून कोणालाही वाटेल, काय पैसा वसूल आहे!

आम्ही ऑफिसमधले सात जण गेलो होतो. सवयीने मी वेळा टिपल्या. प्रवास ८० मिनिटं. माणसं मोजणं १० मिनिटं. मेरीचं घर ३५ मिनिटं, त्यात रांग धरून. इफेससचे अवशेष ९० मिनिटं. आर्टेमिसचं मंदिर १० मिनिटं. आणि ब्रोशरवर बारीक अक्षरांत असलेलं ‘पारंपरिक गालिचा विणकाम प्रात्यक्षिक’ ४५ मिनिटं. बेरीज करून बघा, बरोबर साडेचार तास. मेरीच्या घरापेक्षा गालिच्याच्या दुकानाला दहा मिनिटं जास्त!

आता कोणी म्हणेल, वेळ कमी होता हे मान्य, पण तिन्ही ठिकाणं बघितलीस ना? इथेच खरी मेख आहे. आपल्या धंद्यात कोड कव्हरेज नावाची एक चीज असते. सगळ्या ओळी एकदा पळवल्या की रिपोर्टमध्ये हिरवंगार १०० टक्के दिसतं. टेस्टने काही तपासलं की नाही, हे तो रिपोर्ट सांगत नाही. शोअर एक्स्कर्शन हा तसलाच रिपोर्ट. आणि इफेससच्या बाबतीत तो जास्तच खोटा, कारण हे शहर तीन सुट्या ठिकाणांचं बनलेलंच नाही. समुद्र, देऊळ, रस्ता, थिएटर, चर्च यांच्यामधली वाट म्हणजे इफेसस. टूर नेमकी तीच वाट कापते आणि तिच्या जागी बस घालते.

साधी गोष्ट घ्या. इफेसस हे बंदराचं शहर होतं. मग तुमचं जहाज वीस किलोमीटर लांब कुशादासीला का लागतं? हा प्रश्न जहाजातून उतरणाऱ्या माणसाला पहिला पडायला हवा. उत्तर असं, की कुचुक मेंदेरेस नदीने (जुनं नाव कायस्त्रोस) शतकानुशतकं गाळ आणून बंदर बुजवलं आणि समुद्र आज पाच-सहा किलोमीटर मागे सरकलाय. बंदर गेलं तसं शहर गेलं. लोक आयासुलुकच्या टेकडीकडे, म्हणजे आजच्या सेल्चुक गावाकडे सरकले. यातला एक किस्सा तर इंजिनिअर लोकांनी भिंतीवर लावावा असा आहे. स्ट्राबो नावाचा जुना भूगोलकार सांगतो, की पर्गामनच्या अट्टालस राजाने बंदराचं तोंड बांध घालून अरुंद करायला लावलं. हिशेब असा, की तोंड अरुंद झालं की पाणी खोल राहील आणि मोठी जहाजं आत येतील. झालं उलटंच. पूर्वी भरती-ओहोटीबरोबर जो गाळ बाहेर जायचा तो बांधामुळे आतच साठायला लागला. प्रॉडक्शनमध्ये टाकलेला फिक्स, दोन हजार वर्षांपूर्वीचा :)

हे सगळं कुठे दिसतं? थिएटरसमोरून जुन्या बंदराकडे जाणारा अर्धा किलोमीटरचा संगमरवरी रस्ता आहे, तिथे. एका टोकाला सुमारे पंचवीस हजार माणसांचं थिएटर, दुसऱ्या टोकाला झाडझाडोरा आणि सपाट शेतं. समुद्र नाहीच. त्या टोकाकडे पाच मिनिटं बघत राहिलं की शहर कसं मेलं ते कळतं. आमची टूर मात्र वरच्या दरवाजातून शिरली, उतारावरून खाली आली, सेल्ससच्या लायब्ररीपुढे फोटो, रोमन सार्वजनिक संडासांपुढे ठरलेला विनोद, मग थिएटरला एक वळसा आणि खालच्या दरवाजाबाहेर बस. बंदराचा रस्ता गाईडने हाताने दाखवला. लायब्ररीचा तो देखणा दर्शनी भाग ऑस्ट्रियन पुरातत्त्वज्ञांनी १९७० च्या दशकात पडलेले तुकडे जुळवून पुन्हा उभा केला, त्यातले चार पुतळे नकला आहेत आणि अस्सल पुतळे व्हिएन्नात आहेत, हे सांगायलाही त्याला उसंत मिळाली नाही. मागचे दोन गट टाचेवर टाच देऊन उभे होते.

आता आर्टेमिसचं मंदिर. दहा मिनिटांत काय दिसतं? दलदलीत एक खांब. बसमधला एक जण म्हणाला, “यासाठी थांबवलं?” त्याचं चूक नाही, कारण त्याला त्या खांबाची गोष्टच कोणी सांगितली नव्हती. जॉन टर्टल वूड हा इंग्रज स्मर्ना-आयदिन रेल्वेची स्टेशनं बांधायला तुर्कस्तानात आला आणि या मंदिराच्या मागे लागला. १८६३ पासून शोध चालू. शेवटी थिएटरमध्ये एक शिलालेख सापडला. त्यात देवीच्या मूर्तींची मिरवणूक मंदिरातून निघून कुठल्या दरवाजाने शहरात येते आणि कुठल्या दरवाजाने परत जाते ते लिहिलेलं होतं. वूडने तो दरवाजा शोधला, तिथून निघणारा जुना रस्ता खणत खणत गेला आणि १८६९ च्या अखेरीस गाळाखाली कित्येक मीटरवर मंदिर सापडलं. म्हणजे हे मंदिर जगाला परत मिळालं ते वाटेमुळे. आणि आपण तिथे एसी बसने दहा मिनिटांसाठी जातो.

मेरीच्या घराचं प्रकरण मात्र नुसतं गमतीचं नाही. तिथे कोणाच्या तरी श्रद्धेचा प्रश्न आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

सेल्चुकपासून साधारण सात किलोमीटर डोंगरात हे छोटं दगडी घर आहे. येशूच्या मृत्यूनंतर योहानाने मेरीला इफेससला आणलं अशी एक परंपरा आहे. (दुसरी परंपरा जेरुसलेमचं नाव घेते.) अ‍ॅन कॅथरीन एमरिक ही जर्मन जोगीण १८२४ साली वारली. ती अंथरुणाला खिळलेली होती, इफेससला कधी गेली नव्हती. तिला दिसलेल्या दृष्टान्तांचं वर्णन कवी ब्रेंटानोने लिहून घेतलं, ते १८५२ मध्ये छापून आलं आणि त्या वर्णनावरून १८९१ साली स्मर्नाच्या धर्मगुरूंनी हे ठिकाण शोधलं. घर खरंच मेरीचं आहे का, यावर कॅथलिक चर्चने अधिकृत निर्वाळा दिलेला नाही. पण तीन पोप इथे येऊन गेले : १९६७, १९७९ आणि २००६ मध्ये. मुसलमान भाविकही येतात, कारण मरियम त्यांनाही पूज्य आहे. आणि एक गोष्ट ब्रोशरमध्ये कधी नसते : धर्मगुरू पोचले तेव्हा जवळच्या डोंगरी गावातले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती दरवर्षी १५ ऑगस्टला इथे यात्रेला येतच होते. डोंगर तुडवत, पायी.

पंढरपूरचं माहीत असलेल्यांना हे वेगळं समजवायला नको. गाभाऱ्यात पायावर डोकं टेकायला दोन सेकंद मिळतात हे खरंय. पण त्या दोन सेकंदांमागे आळंदीपासूनची वाट असते. नुसते दोन सेकंद ठेवून वाट काढून टाकली तर जे उरेल ते आम्हाला मिळालं.

आमच्या गटात वसईच्या एक मावशी होत्या. सत्तरीच्या, कॅथलिक, घरात मराठी बोलणाऱ्या. मुलाने आयुष्यात एकदा म्हणून क्रूझचं तिकीट काढून दिलं होतं, आणि त्यांना बाकी कशातच रस नव्हता. फक्त मेरीच्या घरी बसून रोझरी म्हणायची होती. रांग सरकत गेली, आत दहा-पंधरा सेकंद मिळाले, बाहेर मेणबत्ती लावली, तोवर पाटी वर झाली. मावशी मला म्हणाल्या, “बाळा, त्याला सांग ना जरा पाच मिनिटं थांबायला. दहा मणीसुद्धा झाले नाहीत रे.” मी सांगितलं. उत्तर आलं, “सॉरी सर, जहाज थांबणार नाही.”

नंतर त्याच जहाजाने गालिच्याच्या दुकानासाठी पाऊण तास काढला. मावशींनी उरलेली रोझरी तिथे म्हटली. समोर सफरचंदाचा चहा, आजूबाजूला गुंडाळ्या उलगडत दणादण फेकणारी पोरं.

आणि ती रांग कशाने लांबली होती? आमच्यामुळे. आम्हा सात जणांपैकी एकालाही तिथे प्रार्थना करायची नव्हती. पॅकेजमध्ये होतं म्हणून गेलो. अशा शेकडो बिनकामाच्या माणसांना त्या एका खोलीतून सरकवत नेलं, की ज्याला खरोखर गुडघे टेकायचेत त्याच्या वाट्याला पंधरा सेकंद येतात. माझा या टूरवरचा मुख्य आक्षेप हाच आहे.

यावरचे आक्षेप मी ऐकलेत. “आईवडिलांना चालवत नाही.” मान्य. मग त्यांना तीन ठिकाणं पळवण्यापेक्षा एका ठिकाणी शांत बसू द्या. “रजा मिळत नाही.” खरंय, पण साडेचार तासांतले पंचेचाळीस मिनिटं गालिच्यांना द्यायची सक्ती एचआरने केलेली नाही. “स्वतः गेलो आणि जहाज सुटलं तर?” हा खरा विकला जाणारा माल. जहाजाची टूर उशिरा आली तर जहाज थांबतं, तुम्ही एकटे उशिरा आलात तर थांबत नाही. तिकीट खपतं ते या भीतीवर. पण कुशादासी ते सेल्चुक मिनीबस चालतात, अर्ध्या तासाचा रस्ता आहे. रिलीजच्या रात्री पाच टाइमझोन सांभाळणाऱ्यांना परतीची एक वेळ सांभाळता येत नाही?

गाईडला मी दोष देत नाही. इफेससमध्ये आयुष्य काढलेला माणूस होता, त्याला विचारलं तर भरभरून बोलायचा. त्याच्या हातात वेळापत्रक नव्हतं.

मी पुढच्या वर्षी इझमिरहून ट्रेनने सेल्चुकला गेलो आणि दोन रात्री राहिलो. खालच्या दरवाजाजवळून एक पायवाट फुटते, तिने गेलं की मेरीच्या चर्चचे अवशेष लागतात. इथे ४३१ साली धर्मसभा भरली होती. मेरीला ‘देवाची माता’ म्हणायचं की नाही, यावर अलेक्झांड्रियाचा सिरिल आणि कॉन्स्टँटिनोपलचा नेस्टोरियस यांचं भांडण. अंतिओखियाचे बिशप पोचायच्या आत सिरिलने सभा उरकून नेस्टोरियसला पदावरून काढलं. (उशिरा येणाऱ्यांसाठी इफेसस तेव्हाही थांबलं नाही.) ही सभा न मानणाऱ्या पूर्वेकडच्या चर्चचे बिशप पुढे कित्येक शतकं केरळातल्या ख्रिस्ती लोकांकडे येत राहिले. म्हणजे मेरी आणि इफेसस यांचं कागदोपत्री पक्कं नातं या पडक्या भिंतींशी आहे, आपल्या देशापर्यंत पोचलेला धागा इथलाच. मी तिथे तासभर होतो. त्या तासात दोन माणसं आली.

बायबलच्या ‘प्रेषितांची कृत्ये’मध्ये याच थिएटरमधल्या दंगलीची हकिगत आहे. पौलाच्या प्रचारामुळे आर्टेमिसच्या चांदीच्या देव्हाऱ्यांचा धंदा बसेल म्हणून डेमेट्रियस नावाच्या सोनाराने कारागिरांना भडकवलं. जमाव थिएटरमध्ये घुसला आणि दोन तास घोषणा देत राहिला. लिहिणाऱ्याने एक तपशील टिपून ठेवलाय : त्यातल्या बहुतेकांना आपण इथे कशासाठी जमलोय हेच माहीत नव्हतं. छातीवर स्टिकर लावलेल्या आमच्या गटाचं याहून नेमकं वर्णन मला सापडलेलं नाही.

तेव्हा पुढच्या वेळी बुकिंग करताना जहाजवाल्यांना तीन प्रश्न विचारा. दुकानात किती मिनिटं? बंदराच्या रस्त्यावर चालायला मिळणार का? आणि मेरीच्या घरी न जाता तेवढा वेळ अवशेषांत घालवता येईल का? पहिल्याचं उत्तर ते टाळतील, दुसरा त्यांना कळणार नाही, तिसऱ्याला ‘ग्रुप आहे सर’ म्हणतील. मग पैसे खिशात ठेवा, मिनीबस पकडा आणि एकच काहीतरी नीट बघा. प्रार्थना करायची असेल तर डोंगरावर जा आणि पूर्ण रोझरी होईपर्यंत बसा. करायची नसेल तर त्या रांगेत उभे राहू नका. तेवढीच एखाद्या मावशीला जागा होईल.