आधी सीट, मग गोळी

सायकल सुरू करून महिना होतो न होतो तोच गुडघे दुखू लागतात आणि पुष्कळजण सायकलच सोडून देतात. बाह्यरुग्ण विभागात अशा रुग्णाला मी आधी विचारतो, "सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकतात का?" उत्तर बहुधा "हो" असते. दुखण्याचे एक कारण तिथेच सापडते.

सीट खाली असली की पेडल मारताना गुडघा जास्त वाकतो, वाटीमागे दाब वाढतो आणि गुडघा पुढून दुखतो. सीट फार उंच असेल तर कंबर दोन्ही बाजूंना झुलते आणि गुडघ्यामागे ताण येतो. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा साधारण २५ ते ३५ अंश वाकलेला हवा. तपासणी सोपी आहे. भिंतीला धरून सीटवर बसा, टाच पेडलवर ठेवा. पेडल तळाशी असताना पाय सरळ झाला पाहिजे. चवड्याने पेडल मारताना मग हवा तेवढा वाक आपोआप मिळतो.

सीटची दांडी चौकटीच्या नळीत सरकते. नळीच्या तोंडाला चीर असते. तिच्याभोवतीचा क्लॅम्प आवळला की दांडी घट्ट धरली जाते. सीट एका वेळी बोटभरच वर घ्या. दांडीवरची मर्यादेची खूण नळीबाहेर दिसू देऊ नका, नाहीतर दांडी मोडू शकते.

पाय टेकणार नाही ही भीती खरी आहे. डोंगरातल्या सायकलस्वारांनाही उतारावर सीट खाली लागते. त्यांच्या 'ड्रॉपर' दांडीत हँडलवरची कळ दाबली की झडप उघडते आणि अंगाच्या भाराने सीट खाली जाते. भार काढून पुन्हा कळ दाबली की आतली दाबलेली हवा ती वर ढकलते. २०२२ मध्ये मातेय मोहोरिचने अशी दांडी लावून मिलान-सान रेमो शर्यत जिंकली. आपल्याला एवढा खर्च नको. थांबताना सीटवरून पुढे उतरून एक पाय टेकण्याची सवय पुरते.

खरी काळजी वाढत्या मुलांची आहे. आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींना सायकली मिळतात. सायकल तीच राहते, मुलगी मात्र वर्षभरात उंच होते. म्हणून सायकल देतानाच प्रत्येकीची सीट बसवून द्यावी आणि शाळेने एक पाना ठेवून दर सत्राला ती तपासावी. सीट नीट करूनही दुखणे थांबले नाही किंवा गुडघा सुजला, तर मात्र डॉक्टरांकडे या.